डोळ्यात ठिपका द्यायचा नाही

१

हे सांगायची मला अजिबात हौस नाही. सिंधुताई हात धुवून मागं लागली म्हणून सांगतोय. तिच्या सिनेमाचं रीळ पेटीत चिकटून बसलं. चित्र ज्यांच्या घरी आहे ते कुणाला दाखवत नाहीत. आणि चित्र काढणारा मन्मथ पेंटर तर मातीत गेला. मग उरलं कोण, तर मी. काच कापणारा, फ्रेमा ठोकणारा, चौथी नापास. म्हणे, "तुमच्या शब्दांत सांगा, ईश्वरप्पा." आता माझ्या शब्दांत नाही तर काय कलेक्टरच्या शब्दांत सांगू?

एक आधीच सांगतो. ही गोष्ट मन्मथची आहे. त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्यानं मला पुढं कितीदा तरी सांगितलं, म्हणून त्याच्या बाजूनं सांगतो. मी जिथं येईन तिथं ईश्वरप्पा म्हणून येईन. उठसूट 'मी मी' करणारा माणूस मला आवडत नाही. आणि असं का झालं हे मला विचारायचं नाही. मला ठाऊक नाही.

तर लातूर जिल्हा होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि पावसानं पाठ फिरवली होती. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत मन्मथचं दुकान. शेजारी ईश्वरप्पाचं, मधली भिंत पत्र्याची. इकडं शिंकलं की तिकडं ऐकू जायचं. मन्मथचा दिवस पाट्यांनी सुरू व्हायचा. शाळा, सोसायट्या, दवाखाने, सगळ्यांच्या पाट्यांवर 'जिल्हा उस्मानाबाद' होतं, ते खरवडून 'जिल्हा लातूर' करायचं. हात धुवायला पाणी नव्हतं, म्हणून रॉकेलच्या फडक्यानं हात पुसायचे आणि त्याच हातानं भाकरी खायची. दुपारनंतर मात्र तो पाट्यांना हात लावायचा नाही. दुपारनंतर माणसं.

माणसं म्हणजे फोटू. ज्यांचा कधी फोटू निघालाच नाही अशा मेलेल्या माणसांचे, घरच्यांनी सांगितल्यावरून ऑईल पेंटमध्ये काढलेले. मन्मथ आधी विचारायचा, "नाक कुणावाणी होतं? घरात हाय का तसं कुणाचं?" मग त्या घरी जाऊन भावाचं नाक घ्यायचा, लेकीचा कान घ्यायचा, नातवाची हनुवटी घ्यायचा. सगळं जुळवलं की घरची बाई रडायला लागायची. ती रडली की फोटू झाला, असा त्याचा हिशेब.

त्याच्या उस्तादानं त्याला एक नेम घालून दिला होता. जिवंत माणसाच्या डोळ्यात शेवटी पांढरा ठिपका द्यायचा, मोहरीच्या निम्म्यानं. त्यानं डोळा उघडतो. मेलेल्या माणसाला तो द्यायचा नाही. ठिपका म्हणजे समोरचा उजेड. ज्याला समोरचं काही दिसत नाही, त्याच्या डोळ्यात उजेड कशाचा? गिऱ्हाइकाला हा फरक कळायचा नाही. मेलेल्याचे डोळे जरा मऊ दिसायचे एवढंच. लोक म्हणायचे, किती शांत दिसून राहिलेत.

सिंधुताई त्या वर्षी गल्लीत आली. नायगावची पोर, बाप मास्तर. पुण्याला सिनेमाचं शिकून आलेली, पण कुणाच्या नोकरीत नाही. भाड्याचा कॅमेरा खांद्याला आणि स्वतःच्या जिवावर दुष्काळाचा आणि नव्या जिल्ह्याचा सिनेमा. टँकरच्या रांगा घेतल्या, कोरड्या विहिरी घेतल्या, आणि पाट्या बदलणारा पेंटर म्हणून मन्मथला घ्यायला आली ती तिथंच रमली.

"जय भीम, काका. आज कोण हाय?" असं म्हणून ती कोपऱ्यात कॅमेऱ्याचं तिकाटणं मांडायची.

"तू कामून आली रोज रोज? पाट्या संपल्या की."

"पाटी संपली, तुम्ही कुठं संपला? तुम्ही ऐकीव काढता, मी असतंय तेवढंच घेते. मला बघायचंय कुणाचं खरं निघतं."

"तुझं मशीन एक डोळा मिटून बघतंय," मन्मथ म्हणायचा. "एक डोळा मिटलेल्याला बाजारात कुणी खरं समजत न्हाई, पोरी."

तिची एक सवय सांगून ठेवतो. दिवसाच्या शेवटी रिळात थोडी फिल्म उरली की ती वाया घालवायची नाही. मन्मथच्या भिंतीवर जे चित्र चालू असेल त्याच्या डोळ्यावर कॅमेरा लावायची आणि उरलेलं संपवायची.

२

औशाकडच्या एका गावाहून हणमंतराव आला तो ऐन उन्हात. मागं त्याची भावजय, कस्तुराबाई. तो खुर्चीवर, ती उंबऱ्याच्या आत खाली, भिंतीला पाठ लावून.

"आमच्या थोरल्या भावाचा फोटू करायचाय," हणमंतराव म्हणाला. "श्रीमंत नाव. बहात्तरच्या दुष्काळात बैलं जगवायला किनवटाकडल्या जंगलात गेला. तिकडं चारा हाय म्हणून. ते गेलाच."

"मेला म्हणून निरोप आला?"

"निरोप कशाचा. बारा वरसं झाली की आता. बारा वरसं माणूस न्हाई आला तर पळसाच्या पानाचा पुतळा करून जाळायचा असतो. पण रानात पळसाला पान राहिलंय कुठं? म्हणून चार माणसांदेखत फोटूला हार घालू म्हणलं. पुतणीची हळद हाय. त्याच्या आधी हे उरकलं म्हंजे मोकळं."

"मोकळं कोण?" कस्तुराबाई खालूनच म्हणाली.

हणमंतराव मन्मथकडं बघून म्हणाला, "आता तुम्हीच सांगा पेंटर. ही कुंकू लावती. उद्या ही हळदीला हात लावणार, अन् सोयरे विचारणार, बाईचा नवरा कुठं हाय? काय सांगायचं? सोयरीक मोडली म्हंजे?"

"माझी महानंदा म्हणती," कस्तुराबाई म्हणाली, "आईनं हळद लावली न्हाई तर पाटावर बसत न्हाई. अन् हे म्हणत्यात, हार घातला की तू हळदीला शिवायचं न्हाई. आता हार तुमचा, पण लेक माझी."

गोष्ट एवढीच होती. हार पडला की ती विधवा. एकुलत्या लेकीच्या अंगाला हळद लावायला दुसरी बाई पुढं होणार, आणि आई न्हाणीच्या आडून बघणार. हणमंतराव वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. भाऊ गेल्यावर दोन्ही घरं त्यानंच ओढली. पण चार लोकांना भिणारा माणूस तो.

मन्मथनं पाटी पुढं ओढली, कोळसा घेतला. "नाक?"

"माझंच धरा."

"कपाळ?"

"पोरीचं तसंच हाय, पुढं आलेलं."

"डोळे?"

हणमंतराव विचारात पडला. "डोळे... डोळ्यावाणी डोळे. बाई, तू सांग की."

कस्तुराबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मला न्हाई ठावं," ती म्हणाली. "पंधरा माणसाचं घर. सासू, सासरे, चुलत सासरे. ते आले की मी पदर घ्यायची, मान खाली. माझ्याकडं बघायचे तवा मी त्यांच्या पायाकडं बघायची. पाय सांगू का? अंगठा बाहेर वळलेला होता. पाठ सांगते. चालताना डावा खांदा खाली. बैलाशी बोलायचे तो आवाज सांगते. पण तोंड म्हणाल तर... मी त्यांना तोंड भरून बघितलंच न्हाई, पेंटर. म्हणलं म्हातारं झाल्यावर बघू."

कोपऱ्यात सिंधुताईचा कॅमेरा चालू होता. तो तेवढा कुरकुरत राहिला.

उठताना हणमंतराव म्हणाला, "ते ठिपका का काय देता म्हणं तुम्ही जित्या माणसाला. तो देऊ नका. उगं कुणाला भरवसा नको."

३

मन्मथनं चित्र मन लावून केलं. नाक हणमंतरावाचं, कपाळ महानंदाचं, डावा खांदा खाली. डोळ्यांसाठी कुणाचा आधारच नव्हता, म्हणून त्यानं स्वतःच्या मनानं काढले. गडद तपकिरी, मऊ. ठिपका दिला नाही. संध्याकाळी सिंधुताईनं उरलेली फिल्म त्या डोळ्यावर संपवली, चित्रापुढं फडकं टांगलं, दुकान बंद झालं.

सकाळी त्यानं फडकं काढलं. दोन्ही डोळ्यांत ठिपका होता.

मन्मथ काही घाबरला नाही. त्याला राग आला. त्यानं पत्र्यावर थाप मारली.

"ईश्वरप्पा! इकडं ये. माझ्या ब्रशला तू हात लावलास?"

"मी तुझ्या चहाच्या कपाला हात लावत न्हाई, ब्रशला कशाला लावू?"

"दुसरी चावी तुझ्याकडं असती."

"असती म्हणून काय रातचं येऊन मुडद्याला डोळे लावत बसू? तू म्हातारा व्हायला लागलास. दिला असशील सवयीनं अन् विसरलास."

हे मन्मथला पटलं. सवयीनं हात गेला असेल. पण मग त्यानं नीट बघितलं. ठिपका उजवीकडं होता. त्याच्या दुकानाची खिडकी डाव्या हाताला. जन्मभर त्यानं ठिपका डावीकडंच दिलेला, उजवीकडं द्यायचं त्याच्या हाताला सुचलंच नसतं. नखानं हळूच दाबून बघितलं. कालचा रंग ओला होता आणि ठिपका वाळलेला, जुन्या रंगासारखा कडक.

त्यानं तपकिरी रंग घेतला आणि ठिपका मिटवला. दुकानाला आपलं नवं कुलूप घातलं, किल्ली करदोट्याला बांधली.

सकाळी ठिपका परत होता.

त्यानं मनाला समजावलं. तेल फुटलं असेल. या उन्हात रंग घाम गाळतो, तेल वर येतं, चमकतं. म्हणून त्यानं चित्र मागच्या खोलीत नेलं. तिथं खिडकी नाही, डबे आणि जुन्या पाट्या ठेवायची खोली ती. दार लावलं. अंधारात चमक मरायला पाहिजे. मन्मथ अंधारात उभा राहिला आणि डोळे सरावायची वाट बघत राहिला. चित्र दिसेना. चौकट दिसेना. मग दोन बारीक उजेड दिसले, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, लांबवर कुठंतरी दार उघडं राहिल्यासारखे.

तो बाहेर आला आणि दिवसभर पाट्याच रंगवत बसला. संध्याकाळी सिंधुताईनं नेहमीसारखी उरलेली फिल्म संपवायला चित्र मागितलं, तेव्हा त्यानं ते भिंतीवर टांगून दिलं. तेव्हापासून चित्र तिथंच राहिलं. रंग वाळायला आठवडे लागतात, आणि चित्र हळदीच्या सकाळी गावी पोचवायचं ठरलं होतं.

४

बारके फोटू मोठे करायला मन्मथकडं भिंग होतं. ते त्यानं ठिपक्यावर धरलं ते तीन-चार दिवसांनी. इतके दिवस का धरलं नाही, असं मी विचारलं तर म्हणाला, "धरलं तर काहीतरी दिसेल म्हणून."

पांढऱ्यात काळ्या रेघा होत्या. उभ्या, सरळ, एकीमागं एक.

तेवढ्यात दारात कस्तुराबाई. बांगड्या भरायला लातूरला आली होती, जाता जाता डोकावली.

"झालं का ओ, पेंटर?"

मन्मथनं भिंग मागं लपवलं. पण ती सरळ चित्रापुढं येऊन उभी राहिली. आधी सवयीनं डोक्यावर पदर घेतला, मग स्वतःशीच हसली. चित्रापुढं कसला पदर. कितीतरी वेळ बघत राहिली. रडली नाही. नाक बघितलं, कपाळ बघितलं. डोळ्यांशी आली आणि म्हणाली, "हे काय पांढरं?"

"चुकून पडलंय. पुसतो."

"ते काच द्या बघू."

तिनं भिंग घेतलं, जवळ गेली, श्वास धरला. "झाडं हायत," ती म्हणाली.

"रंगाच्या भेगा हायत त्या, माय."

"सागवान हाय. भेगा मला नका सांगू. ते गेले त्या साली मी बी गेले होते आमच्या भावासंगं, किनवटपस्तोर, बघायला. असंच हाय तिकडं. सरळच्या सरळ." तिनं भिंग परत दिलं. आवाज अगदी रोजचा होता. "पुसू नका हं."

मन्मथला बोलावं की नाही कळेना. शेवटी तो बोलला. "कस्तुराबाई, बारा वरसं माणूस येत न्हाई. अन् मग येतो म्हणलं तर... कसा येत असंल तो? तुम्हाला भ्या वाटत न्हाई?"

"भुकेला असंल," ती म्हणाली. "अन् बैलं तहानलेली असतील. आमच्याकडं टँकर दोन दिसाआड येतोय. मला आता पाणी धरून ठेवाय पाहिजे."

ती गेली. तिच्या नव्या बांगड्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत येत राहिला. तिच्यापेक्षा आपण भ्यालोय, याची मन्मथला लाज वाटली. पण भीती काही गेली नाही. त्या दिवसापासून त्यानं चित्राकडं पाठ करून बसणं सोडलं.

५

सिंधुताईची रिळं मुंबईहून धुऊन आली. तिनं कुठल्याशा शाळेचा प्रोजेक्टर मागून आणला आणि ईश्वरप्पाच्या मागच्या गोदामात दुपारी पडदा लावला. खिडक्यांना पोती ठोकली. आत तिघंच. पोत्यांच्या भोकांतून उन्हाचे ठिपके भिंतीवर.

टँकर आला, गेला. घागरींची रांग आली. 'उस्मानाबाद' खरवडणारा मन्मथचा हात आला, तेव्हा ईश्वरप्पा म्हणाला, "हातच तेवढा देखणा हाय तुझा." मग तुकड्यांच्या शेवटी एकेक डोळा. पडद्याएवढा डोळा.

पहिल्या तुकड्यात डोळा तपकिरी, मऊ, कोरा. काढला त्या दिवसाचा.

पुढच्यात ठिपका होता, ताटाएवढा मोठा झालेला, आणि त्यात उभे बुंधे. तिसऱ्यात बुंधे मागं पडलेले आणि आडवी रेल्वेची पटरी. चौथ्यात उघडं माळरान, आणि ठिपक्याच्या खालच्या कडेला काहीतरी काळं होतं. वशिंडं होती ती. दोन वशिंडं आणि शिंगं. बैलांच्या मागून चालणाऱ्याला दिसतात तशी.

ती हलत होती.

सिंधुताईचा कॅमेरा तिकाटण्यावर होता. चित्र भिंतीवर खिळ्याला होतं. डोळा हलत नव्हता, पापणी हलत नव्हती. ठिपक्यातली शिंगं तेवढी, चालीनं, डावीकडं उजवीकडं, डावीकडं उजवीकडं.

आवाज तिनं वेगळ्या टेपवर घेतला होता. तो चालूच होता. त्यात दुकानातली खुडबुड, मन्मथचं खोकणं, आणि मागं कुठंतरी गळ्यातली घंटा. फुटकी. ठण् म्हणायच्या ऐवजी ठक् म्हणणारी.

"गंजात गाड्या येतात बैलांच्या," सिंधुताई अंधारातून म्हणाली. "त्यांचा आवाज असणार."

"हाव," मन्मथ म्हणाला. "असणार."

शेवटच्या तुकड्यात लिंबाचं झाड होतं, खाली पार, आणि लांब एका घराची निळी चौकट. घंटा थांबली. सिंधुताईनं मशीन बंद केलं. कुणी पोती काढायला उठेना.

"कॅमेऱ्यात कचरा गेला की असं काहीबाही येतं," ती म्हणाली. मग बारीक आवाजात, "पण काका, मी शिकले ते एवढंच की समोर असतं तेच यात उतरतं. तुमचं तसं नाही, तुम्हाला सांगितलेलं काढता येतं. मला नाही येत."

"मग समोर काय होतं?" ईश्वरप्पानं विचारलं.

तिनं रीळ डब्यात घातलं आणि झाकण लावलं.

मन्मथ सरळ दुकानात गेला. त्यानं ठरवलं होतं, डोळे मिटवून टाकायचे. पापण्या काढायच्या, झोपलेला माणूस करायचा, काय म्हणायचं ते म्हणू दे हणमंतरावाला. जो बारा वर्षं चालतोय, त्याला पोरीच्या हळदीत आपल्या हातानं कशाला न्यायचा? त्यानं ब्रश भरला आणि डोळ्याजवळ नेला. आणि ठिपका काळवंडला. उन्हात चालणाऱ्यानं कपाळावर आडवा हात धरावा, आणि डोळ्यांवर सावली यावी, तसा.

मन्मथनं ब्रश मागं घेतला. ठिपका उजळला.

"बरं," तो चित्राला म्हणाला. ब्रश त्यानं रॉकेलच्या डब्यात टाकला. "बरं बाबा. ये."

६

हळदीच्या सकाळी तिघं एस.टी.नं गेले. चित्र ईश्वरप्पाच्या मांडीवर, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं. गावाच्या तोंडाशी मन्मथ थांबला. लिंबाचं झाड, पार. पुढं निळी चौकट. तो या गावात कधी आला नव्हता.

"चल की," ईश्वरप्पा म्हणाला. "भूत तू पाहिलंस, अन् ओझं मी वाहून राहिलो."

अंगणात कडब्याचा मांडव होता, पण कडबा विरळ, जनावरांपुरता काढून उरलेला. बाया जात्याभोवती गात होत्या. गोठा रिकामाच. तरी जनावरांना पाजायची दगडी डोण काठोकाठ भरलेली. पाणी हलत होतं उन्हात. त्या दुष्काळात तेवढं पाणी उघड्यावर बघून मन्मथला कसंतरीच झालं.

"बघा, बघा ही करणी!" हणमंतराव दारातच ओरडला. "पाहुण्यांना प्यायला पाणी न्हाई, अन् ही बाई बैल नसलेल्या डोणीत घागरी वतून राहिली. डोकं फिरलंय तिचं. आणा तो फोटू."

मधल्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर चित्र टांगलं. गावातली चार म्हातारी माणसं घोंगडीवर बसली. हणमंतरावानं हार काढला. फुलं कुठली मिळणार, लातूरहून आणलेला कागदी हार होता. पलीकडं मोकळ्या पाटाशेजारी महानंदा उभी, अंगाला अजून हळद नाही, मान ताठ. कस्तुराबाई दिसत नव्हती.

मन्मथ चित्राजवळ सरकला. भिंग खिशातच होतं, पण लागलं नाही. नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. ठिपक्यात निळी चौकट होती. बाहेरून दिसणारी.

त्यानं वळून दाराकडं बघितलं. दार सताड उघडं. बाहेर पांढरं ऊन. कुणी नाही. गोठ्याकडून काहीतरी ठक् वाजलं. जात्यावरच्या बायांतली एक गायची थांबली, मग बाकीच्या थांबल्या.

हणमंतराव हार घेऊन पुढं आला. मन्मथ मध्ये उभा राहिला.

"हार घालू नका."

"कामून?"

"डोळ्यात ठिपका हाय."

हणमंतरावानं वाकून बघितलं, आणि त्याचं तोंड लाल झालं. "तुला देऊ नको म्हणलं होतं! मुद्दाम देऊन आणलास व्हय? लबाड लोक तुम्ही! हा रंगवाला लबाड, अन् हा काचवाला त्याच्याहून लबाड! एका बाईला येड्यात काढून राहिले! उठा माझ्या भावाच्या घरातून—"

तेवढ्यात आतल्या दारातून कस्तुराबाई आली. हातात हळदीची वाटी. कपाळावर ठळक कुंकू. सगळे तिच्याकडं बघत होते, पण ती कुणाकडं बघत नव्हती. मधल्या खोलीत चार पावलं आली आणि एकदम थांबली, बाहेरच्या दाराच्या आत, मोकळ्या जागेसमोर.

तिनं पदर डोक्यावर ओढला. चार माणसांत नवरा पुढ्यात आला की बाई ओढते, तसा. मान खाली गेली. क्षणभर ती जमिनीकडं बघत राहिली, एका जागी, जिथं माणसाचे पाय असतील तिथं.

आणि मग तिनं मान वर केली. पदर मागं सरकला, तो तिनं सरकू दिला. तिच्यापेक्षा वीतभर उंच माणसाकडं बघावं तशी ती वर बघत राहिली, तोंड भरून. घाई नव्हती तिला. ओठ जरासे हलले. काय म्हणाली ते कुणाला ऐकू आलं नाही.

मन्मथनं चित्राकडं बघितलं. बघायचं नव्हतं, पण मान वळली. ठिपका पिवळा झाला होता, हळदीसारखा. त्या पिवळ्यात एका बाईचं वर केलेलं तोंड होतं. इतकं जवळून काढलेलं तोंड त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यानं डोळे मिटले, कारण ते दुसऱ्याचं बघणं होतं.

उघडले तेव्हा कस्तुराबाई लेकीपुढं बसली होती आणि तिच्या गालाला हळद लावत होती. महानंदा रडत होती. घोंगडीवरच्या चार म्हाताऱ्यांपैकी एकानंही तिला अडवलं नाही. हणमंतरावाच्या हातातला कागदी हार खाली लोंबत होता. आपण तो धरलाय हे त्याच्या लक्षात नव्हतं.

निघताना सिंधुताई गोठ्यापाशी थांबली. डोण निम्म्याहून खाली गेली होती. काठाच्या दगडावर ओलं होतं, दोन जागी, आणि उन्हात झपाट्यानं वाळत होतं.

"गावची जनावरं शिरली असतील," मन्मथ म्हणाला.

"हाव," ती म्हणाली. तिच्या खांद्याला कॅमेरा होता. तिनं तो काढला नाही.

७

पुढं काय दिसलं, कुणाला दिसलं, मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही. मन्मथनं त्यानंतर जिवंताला काय आणि मेलेल्याला काय, ठिपका देणंच बंद केलं. म्हणायचा, "ज्याचा तो आणंल."

महानंदाचं लग्न झालं, सोयरीक मोडली नाही. हार त्या चित्राला कधी पडला नाही. कस्तुराबाई त्या घरात एकटीच राहायची, पण दोन भाकऱ्या जास्तीच्या थापायची असं शेजारणी सांगायच्या. ती गेली, ती कुंकवासकट गेली. मी आणि मन्मथ मातीला गेलो होतो. तिला सवाष्णीसारखं हिरवं लुगडं नेसवलं होतं, हातभर बांगड्या, कपाळभर कुंकू. लुगडं कुणी आणलं विचारलं तर कळलं, दिरानं. बांगड्या भरायला कासारीण त्यानंच बोलावली. गावात दोघं-तिघं कुजबुजले, तर त्यांना म्हणाला, "माझी भावजय सवाष्ण गेली. ज्याला शंका असंल त्यानं घरी जावं." पुढचा खांदा त्याचाच होता. चार लोकांना भिणारा माणूस तो. त्या दिवशी भ्याला नाही.

हे सगळं त्यानं केलं, आणि चांगलं केलं. मी काही नाही म्हणत नाही. पण भरल्या हळदीत, बायाबापड्यांदेखत, तो आम्हाला लबाड म्हणाला होता. मन्मथ ते ऐकूनच गेला. मी अजून आहे, आणि तोही आहे, काठी टेकत दर बाजारी माझ्या दुकानापुढून जातो, आत बघतो, खाकरतो, आणि पुढं जातो. माफी मागायची राहिली आहे ती त्याची. सिंधुताई, नाव नीट लिही. हणमंतराव.